यंत्र पाठवायचे की नर्सचा पगार द्यायचा?



देणगीतून महाराष्ट्रातल्या एका तालुक्याला रक्ततपासणीची चार छोटी यंत्रे पाठवायची, असा ठराव मागच्या बैठकीत झाला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. का, ते सांगतो.

माझी मावशी सातारा जिल्ह्यातल्या डोंगराळ गावात राहते. लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाची मायट्रल झडप खराब झाली, धातूची बसवली. आता तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून जन्मभर वॉर्फरिन. तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या अशा झडपेला चालत नाहीत. डाबिगाट्रान वापरून पाहिले, तर गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही (२०१३). म्हणजे जुनीच गोळी, आणि आयएनआर हा रक्त गोठण्याचा आकडा साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. रोजच्या जेवणात मेथी-पालक कमीजास्त झाले किंवा दुकानातून वेदनाशामक गोळी आणली, तरी गणित बिघडते.

एकदा मावशीचा आकडा ६ आला. लॅबने कागद छापून दिला, तो पिशवीत नऊ दिवस पडून राहिला. नाकातून रक्त थांबेना तेव्हा भावाने मला फोन केला. मी रक्तातल्या प्रथिनांवर डॉक्टरेट केलेला शहाणा, सात हजार किलोमीटरवर!

इथे यॉर्कशायरमध्ये माझ्या शेजारच्या आजी घराबाहेर पडू शकत नाहीत. नर्स घरी येते, बोट टोचते, नवे औषध सुरू झाले का विचारते, दंडावरचा काळानिळा डाग बघते आणि डोस पिवळ्या पुस्तिकेत लिहिला जाईल याची सोय करते. यातले यंत्राचे काम एका मिनिटाचे. (इथेही सगळे आलबेल नाही. 'उपचार घराजवळ' म्हणणाऱ्या सरकारांच्याच काळात, २०१० नंतरच्या दशकात, इंग्लंडमधल्या डिस्ट्रिक्ट नर्सेस सुमारे चाळीस टक्क्यांनी घटल्या.)

पगार दरवर्षी द्यावा लागतो, हा आक्षेप मला मान्य आहे. पण यंत्राच्या पट्ट्याही दरवर्षीच लागतात, आणि त्या संपल्या की यंत्र कपाटात जाते. खरी अडचण वेगळी असावी: पगाराचे उद्घाटन होत नाही, फोटोही निघत नाही.

पुढच्या बैठकीत मी दुरुस्ती मांडणार आहे: यंत्र एकच, उरलेल्या पैशात एका स्थानिक नर्सचा तीन वर्षांचा पगार, दुचाकीचे पेट्रोल आणि डोस ठरवणाऱ्या डॉक्टरांशी लेखी करार. अनुमोदन कोण देणार, ते कळवा.