फाडण्याचीही मजुरी लावा

साडेपाच मीटर लांब आणि 110 सेंटिमीटर पन्ह्याची सुती साडी दोन-दोन सेंटिमीटरच्या पट्ट्यांत फाडली की 55 पट्ट्या निघतात. विरलेल्या, डागाळलेल्या पट्ट्या बाजूला काढल्या तरी पावणेतीनशे मीटर सूत सहज हाती येते. नऊवारी लुगडे असेल तर साडेचारशे मीटरपर्यंत. इथवरचा हिशेब नांदेड-लातुरातली क्रोशा चालवणारी कुठलीही बाई तोंडी सांगेल. साडी धुणे, उसवणे, फाडणे, दशा काढणे, पट्ट्या जोडणे, गोळा गुंडाळणे या कामाला सवयीच्या हातालाही तास-दीड तास लागतो. पायपुसण्याच्या किमतीत हा तास धरलेला असतो का, असे विचारले तर बहुतेक वेळा उत्तर येते, ‘साडी तर घरचीच होती ना!’

या अंकात जुन्या कपड्यांच्या सुतावर बरेच लेख आहेत. संपादकीयाचा मुद्दा मात्र एवढाच, की ते सूत फुकट मिळत नाही. ते बनवावे लागते, आणि बनवणे हे विणण्याइतकेच कसबाचे काम आहे.

साडी कात्रीने कापायची की हाताने फाडायची, हा पहिला प्रश्न. सुती साडी लांबीच्या दिशेने, म्हणजे ताण्याच्या धाग्याला धरून फाडली की ती सरळ जाते आणि पट्टीत ताण्याचे धागे अखंड राहतात. पन्ह्याच्या दिशेने काढलेली पट्टी आखूड निघते आणि सांधे वाढतात. जरीचा पदर वेगळा करावा. हल्लीची बहुतेक जर प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर धातूचा मुलामा दिलेली असते, ती बोटे कापते आणि सुईला अडकते. काठ दाट विणीचा असतो, तो पिशवीच्या बंदांसाठी राखून ठेवावा. सांधे टाळायचे असतील तर पट्टी शेवटपर्यंत न फाडता दोन सेंटिमीटर आधी थांबून दुसऱ्या टोकाकडून पुढची सुरू करावी, म्हणजे सगळी साडी एका सलग नागमोडी पट्टीत उलगडते. वळणावरचे कोपरे तेवढे कातरीने गोल करावे लागतात. ज्यांनी हे केले आहे त्यांना ठाऊक आहे, की पहिल्या साडीला सगळी दुपार जाते.

टी-शर्टचे गणित वेगळे. तो विणलेल्या जर्सीचा असल्याने आडवा कापून पट्टी ताणली की तिच्या कडा आत वळतात आणि दोरीसारखे गोल सूत तयार होते. काखेपासून खालपर्यंत 40 सेंटिमीटर आणि घेर एक मीटर धरला, तर अडीच सेंटिमीटरच्या पट्टीने जेमतेम 16 मीटर सूत निघते. परदेशी नमुने बहुतेक अशाच जाड सुतासाठी लिहिलेले असतात. हूक्ड कंपनीच्या झपागेटी या नावाजलेल्या सुताचा 120 मीटरचा गोळा साधारण 850 ग्रॅम भरतो, म्हणजे मीटरला सात ग्रॅम. अर्ध्या किलोच्या साडीचे सूत मीटरला दोन ग्रॅमही भरत नाही. तो नमुना साडीच्या सुतावर जसाच्या तसा उतरवला तर टोपली उभीच राहणार नाही. साडीला सहा ते आठ मिलिमीटरची सुई आणि घट्ट मुके खांब घ्यावेत, किंवा दोन पट्ट्या एकत्र चालवाव्यात.

दुकानातून येणारे ‘रिसायकल्ड कॉटन’ हे तिसरेच प्रकरण. जुने कपडे रंगानुसार वेगळे करायचे, यंत्रात पिंजून पुन्हा तंतू करायचे आणि त्यांचे सूत कातायचे. लोकरीच्या बाबतीत ही युक्ती यॉर्कशरमधल्या बॅटली इथे 1813 साली बेंजामिन लॉ याने बसवली. आज हरियाणातले पानिपत हे या धंद्याचे जगातले एक मोठे ठाणे आहे. पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, म्हणून असे सूत जाडसर काढतात आणि बळकटीसाठी त्यात अनेकदा पॉलिएस्टर मिसळतात. त्यात वाईट काही नाही, पण विणणारीला ते माहीत हवे. जीआरएस म्हणजे ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड या प्रमाणपत्रासाठी मालात पुनर्वापराचा किमान 20 टक्के अंश चालतो. मालावर बोधचिन्ह छापायचे तर 50 टक्के लागतो. उरलेल्यात काय आहे ते लेबल वाचूनच कळते. रंग आधीच वेगळे केल्यामुळे पुन्हा रंगवण्याची गरज बरीच कमी होते, हा त्याचा खरा गुण. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला रंगाईच्या पाण्याचा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

नांदेडची बाब तर जास्तच बोचरी. कापसाचा ‘नांदेड-44’ हा संकरित वाण इथल्या संशोधन केंद्राने 1984 मध्ये दिला. निजामाच्या काळात उभी राहिलेली उस्मानशाही मिल याच गावातली. तरी आज इथे विणायला बसणारी बाई लुधियानाचे ॲक्रिलिक घेते, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते अंगाला लावून घेणार कोण?

जुन्या कापडाला किंमत असते, हे शिकायला परदेशात जायला नको. बोहारीण दारात बसून साड्या उलटसुलट करून पाहायची, एखाद्या पातेल्यावर घासाघीस करायची आणि विरलेला शर्ट परत फेकायची. तो दर्जा ठरवणेच होते. फॅशन फॉर गुड संस्थेच्या 2022 च्या अहवालानुसार भारतात वर्षाला सुमारे 78 लाख टन कापड टाकाऊ ठरते आणि त्यातले निम्म्याहून थोडे जास्त लोकांनी वापरून सोडलेले असते. त्यातली मऊ सुती लुगडी गोधडी शिवणाऱ्यांकडेच जावीत, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे. तिथे ती जास्त शोभतात. क्रोशाने गोधडीला न चालणारे कापड उचलावे.

आणि ते बहुतेक पॉलिएस्टर असते. घरोघरच्या कपाटात आता सिंथेटिक साड्याच जास्त. त्या फाटत नाहीत, कापाव्या लागतात, हातातून निसटतात. पायपुसणी, पिशव्या, कुंडीची शिंकाळी यांना त्या उत्तम. गरम पातेल्याखालच्या चकतीला मात्र चुकूनही वापरू नयेत. शंका असेल तर दोन धागे चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा न करता पातेल्याखालच्या चकत्या विकणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या ओट्याशी खेळणे.

एक सूचना ऑगस्ट संपल्यावरची. राष्ट्रध्वजाची खादी उदगीरला विणली जाते आणि ध्वज नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तयार होतात, याचा दोन्ही जिल्ह्यांना अभिमान आहे. डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने पॉलिएस्टरचे ध्वजही चालू लागले, आणि आता पंधरा ऑगस्टनंतर घरोघरी जुने ध्वज उरतात. त्यांचे सूत करायचे नाही. खराब झालेला ध्वज खाजगीत, सन्मानाने, पूर्ण नष्ट करावा असे ध्वजसंहिता सांगते. उशी, रुमाल यांसाठी त्याचा वापर तर कायद्यानेच निषिद्ध आहे. हेतू कितीही चांगला असो.

पुन्हा मजुरीकडे. आंध्रातल्या नरसापूरची क्रोशाची लेस जगभर जाते, 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. मारिया मीस या अभ्यासक बाईंनी 1982 मध्ये तिथल्या विणणाऱ्यांवर पुस्तक लिहिले. व्यापाऱ्याकडून धागा घ्यायचा, नगावर पैसे घ्यायचे आणि दिवसाचे कितीतरी तास विणूनही ‘घरातल्या बाईचा फावला वेळ’ म्हणवून घ्यायचे, अशी ती रीत. कामगार म्हणून मोजलेच नाही, तर मजुरी कशाची मागणार? आपल्याकडे रुखवतातल्या रुमालांपासून बचत गटाच्या प्रदर्शनापर्यंत हाच ‘फावला वेळ’ चालत आला आहे. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ अशी पाटी लावली की भर पडते ती वेगळीच. गिऱ्हाईक ‘टाकाऊ’ वाचते आणि भाव पाडते. त्यापेक्षा चिठ्ठीवर ‘जुन्या सुती साडीचे हाती काढलेले सूत’ असे लिहावे, आणि सूत काढणारी व विणणारी वेगळ्या असतील तर दोघींचे पैसे वेगळे धरावेत. काही वस्तू मग विकल्या जाणार नाहीत. त्या आधीही तोट्यातच विकल्या जात होत्या.

दिवाळी अंकानंतरच्या अंकात वाचकांचे नमुने छापायचे आहेत. दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा पाठवावा. सोबत कापड कोणते, पट्टी किती रुंद, सुई किती मिलिमीटरची, सूत काढायला किती वेळ लागला आणि विणायला किती, हे लिहावे. वेळेचे दोन्ही आकडे नसलेला नमुना घेतला जाणार नाही.