जिंकलेला संघ आणि शाळेचे नाव

मुलगा खेळून उशिरा घरी आला की आपल्याकडे पहिला प्रश्न अभ्यासाचा आणि दुसरा मळलेल्या कपड्यांचा. यात आईबापाचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. फी आणि वह्या-पुस्तके भागवताना जीव मेटाकुटीला येतो, हे आम्हांला ठाऊक आहे. पण शाळेचे मैदान ही नुसती धावायची जागा नसते. संघात कोणाला घेतात आणि शिकवायला कोणाला नेमतात, यावरून त्या गावाची नियत कळते. म्हणून या खेपेला अमेरिकेतल्या एका सरकारी हायस्कुलाची गोष्ट सांगतो.

वॉशिंग्टन शहरासमोर, पोटोमॅक नदीच्या पलीकडच्या काठावर अलेक्झांड्रिया हे उपनगर आहे. राज्य व्हर्जिनिया. तिथे गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या होत्या. कृष्णवर्णीय मुलांचे हायस्कूल म्हणजे पार्कर-ग्रे. त्या शाळेचा विद्यार्थी अर्ल लॉइड 31 ऑक्टोबर 1950 रोजी अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत उतरला. त्या स्पर्धेत सामना खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. गुण कमी नव्हते, दार बंद होते.

17 मे 1954 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतला हा भेद घटनाबाह्य ठरवला. अलेक्झांड्रियाचे शिक्षणप्रमुख टी. सी. विल्यम्स यांना तो निकाल मानवला नाही. ब्लॉइस हंडली नावाची एक माउली त्यांच्याच खात्यातल्या एका शाळेत स्वयंपाकाचे काम करी. आपल्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून ती इतर पालकांबरोबर खटल्यात उतरली, तेव्हा विल्यम्स यांनी तिला कामावरून काढले. हातावर पोट असणाऱ्या बाईने मुलांच्या शाळेसाठी नोकरी पणाला लावली, याचा अर्थ आमच्या वाचक भगिनींना समजावून सांगायला नको. शेवटी कोर्टाच्या हुकुमाने 10 फेब्रुवारी 1959 रोजी 9 कृष्णवर्णीय मुले गोऱ्यांच्या शाळांत गेली.

1965 साली गावात नवे हायस्कूल उघडले. त्यात दोन्ही वर्णांची मुले होती. नाव मात्र दिले टी. सी. विल्यम्स यांचे! त्याच वर्षी पार्कर-ग्रे हे हायस्कूल म्हणून बंद झाले.

1971 साली गावाने तिन्ही हायस्कुलांतल्या अकरावी-बारावीची सगळी मुले या एका शाळेत आणली. कालपर्यंत एकमेकांविरुद्ध खेळणारी पोरे आता एकाच फुटबॉल संघात आली. हा फुटबॉल आपला नव्हे. यात लांबट चेंडू हातात घेऊन पळतात आणि समोरच्याला अंगाने अडवतात. प्रमुख प्रशिक्षक म्हणून हर्मन बून या कृष्णवर्णीय गृहस्थांची नेमणूक झाली. बिल योस्ट हे गोरे, लोकप्रिय प्रशिक्षक होते. त्यांना दुय्यम जागा मिळाली. पुष्कळ गोऱ्या घरांत नाराजी पसरली. शाळा एकत्र करताना कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद करायच्या आणि त्यांच्या शिक्षकांना खाली ढकलायचे, हीच तिकडच्या अनेक गावांची रीत होती. इथे उलटे घडले.

ऑगस्टमध्ये गेटिसबर्गच्या कॉलेजात सराव शिबिर झाले. बून यांनी एका खोलीत गोरा आणि काळा असे मिळून ठेवले. बसमध्येही वर्ण पाहून बसायचे नाही. चढाईची मुले एका गाडीत, बचावाची दुसऱ्या. योस्ट यांनी राग गिळून बचावाची बाजू सांभाळली. त्या हंगामात संघाने 13 पैकी 13 सामने जिंकले आणि राज्याचा अंतिम सामना 27-0 असा मारला.

यावर 2000 साली 'रिमेम्बर द टायटन्स' हा चित्रपट निघाला. पडद्यावर अंतिम सामना शेवटच्या क्षणापर्यंत अटीतटीचा दाखवला आहे. 27-0 मध्ये अटीतटी कुठली? बून यांनाही देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. शिस्तीला ते फार कडक, आणि 1979 साली खेळाडूंशी वागणुकीच्या तक्रारींवरून त्यांचे प्रशिक्षकपद गेले. पण चित्रपट पाहून घरी जाणाऱ्याला वाटते की सामना जिंकला आणि भेद संपला. तसे झाले नाही. ज्यांनी मुलांना दाराबाहेर ठेवू पाहिले, त्यांचेच नाव त्या दारावर कायम राहिले. पोरांनी ढाली जिंकून आणल्या त्या त्याच नावाने!

ते नाव उतरवायला 56 वर्षे लागली. 2020 साली अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या शाळा मंडळाने नाव बदलायचे ठरवले आणि 1 जुलै 2021 पासून शाळा 'अलेक्झांड्रिया सिटी हायस्कूल' झाली. संघाचे 'टायटन्स' हे नाव तसेच राहिले. ते मुलांनी कमावले होते. नावात काय आहे, असे विचारणारे आपल्याकडेही पुष्कळ भेटले. आमच्या वाचकांना त्याचे उत्तर पाठ आहे.

आईबापांना आमचे सांगणे एवढेच. पोराचे गुण जरूर विचारा, त्याबरोबर शाळेचा संघ कसा निवडतात तेही विचारा. पोरगी चांगली धावत असेल तर घरकामासाठी तिला स्पर्धेच्या दिवशी मागे ठेवू नका. पालक सभेला जाल तेव्हा मागच्या बाकावर गप्प बसू नका. हंडलीबाई स्वयंपाकघरात काम करीत होत्या, तरी शिक्षणप्रमुखासमोर उभ्या राहिल्या. मैदानावरचा संघ पुढे 1971 साली जमला, त्याच्या कितीतरी आधी अशा आया कोर्टाची पायरी चढल्या होत्या.