ध्रुवावरचा बर्फ आणि मराठवाड्याचा पाऊस

उत्तर ध्रुवाशी मराठी माणसाचे नाते लोकमान्य टिळकांनी जोडले. आर्यांचे मूळ वसतिस्थान तेथे होते, असा सिद्धान्त त्यांनी १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात मांडला. आज विद्वान तो मानीत नाहीत. परंतु आपला भूतकाळ तेथे नसला, तरी भविष्यकाळ मात्र तेथे गुंतलेला आहे!

ध्रुवाकडचा बर्फ झपाट्याने वितळत आहे. नवे जलमार्ग, तेल आणि खनिजे हाती येतील, या आशेने बड्या राष्ट्रांची चढाओढ लागली आहे. ऑगस्ट २००७ मध्ये रशियाने ध्रुवाखालच्या सागरतळावर झेंडा रोवला. २०१८ मध्ये चीनने स्वतःला 'आर्क्टिकनजीकचे राष्ट्र' म्हणवून घेतले. अमेरिकेचे ट्रम्पसाहेब तर २०१९ पासून आख्खे ग्रीनलंडच मागत आले आहेत!

आपला देश तेथे कोणत्या नात्याने उभा आहे? भारताचे पहिले शास्त्रीय पथकही ऑगस्ट २००७ मध्येच तिकडे गेले. २००८ साली नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचा कारभार गोव्यातील वास्कोहून चालतो. मार्च २०२२ मध्ये सरकारने आर्क्टिक धोरण जाहीर केले. ध्रुवाचा आपल्या मोसमी पावसाशी असलेला संबंध अभ्यासण्याचा संकल्प त्यात आहे. तेथील खनिजांच्या 'जबाबदार' शोधात वाटा घेण्याची इच्छाही त्यातच आहे. माझा आक्षेप या इच्छेला आहे.

संभाजीनगरात बसून ही उठाठेव कशाला, असे मित्र विचारतात. मी कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके वाहून गेली. पावसाच्या लहरीपणाची कारणे अनेक. त्यांत ध्रुवावरच्या बर्फाचा वाटा किती, हे शास्त्रज्ञ शोधीत आहेत. जे वितळणे आपल्याच शिवारावर उलटू शकते, त्यातून नफ्याची आशा धरणे म्हणजे घर पेटले असता कोळशाचा भाव विचारणे होय.

कोणी म्हणेल, आपण नाही घेतले तर दुसरे घेतील. खरे आहे. पण त्या लिलावात आपली बोली लहानच ठरणार. पावसाच्या अभ्यासात मात्र आपल्याइतकी गरज कोणाला आहे? तेव्हा सरकारने पैसा आणि माणसे आधी त्या कामी लावावीत. आणि तेथे मिळालेले ज्ञान मराठीतून, पेरणीच्या आधी, आमच्या गावच्या चावडीपर्यंत पोचवावे. तरच दिल्लीचे हे धोरण आम्हांला आपले वाटेल.