'लक्ष ठेवा' म्हणजे नेमकं काय?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी त्या दिवशी उशिरा आल्या. डोळे तांबारलेले. "काय झालं मावशी?" विचारलं तर म्हणाल्या, "काल संध्याकाळी पोरगा गाडीवरून घसरला. डोक्याला चार टाके पडले. दवाखान्यातनं रात्री नऊलाच सोडलं, तसं काळजीचं काही नाही. रात्री दोन-तीन उलट्या झाल्या, पित्त झालं असंल. आता गाढ झोपलाय. हाका मारल्या तरी नीट ओ देईना, म्हटलं झोपू दे बिचाऱ्याला."

माझ्या हातातला चहा हातातच राहिला. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. तशीच निघाले. देवळीत औषधाच्या पिशवीत दवाखान्याचा कागद चार घड्या करून ठेवलेला. उघडून पाहिला. औषधांच्या खाली, अगदी तळाशी, घाईघाईच्या इंग्रजी अक्षरात एक ओळ होती. उलटी, गुंगी किंवा झटके आल्यास ताबडतोब परत आणा, असा तिचा अर्थ.

म्हणजे सांगितलेलं होतं. लिहूनही दिलेलं होतं. फक्त जिला रात्रभर त्या मुलाच्या उशाशी बसायचं होतं, तिच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं!

१०८ ला फोन केला. तालुक्याहून जिल्ह्याला, तिथे डोक्याचं स्कॅन. आत रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं आणि पोरगा वाचला. आज तो पुन्हा गॅरेजवर कामाला जातो. पण नंतर एकदा भांडी विसळता विसळता मावशींनी मला विचारलं, "ताई, त्या कागदावर हे खरंच लिवलं होतं का हो? मग मला कुणी वाचून का नाही दाखवलं?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

डॉक्टरांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. संध्याकाळच्या वेळी कॅज्युअल्टीत एकदा जाऊन उभं राहून बघा. एक डॉक्टर, एक सिस्टर आणि बाहेर रांग. कुणाला विंचू चावलाय, कुणाचा हात मोडलाय, कुणाचं बाळ तापाने फणफणलंय. जीव वाचवायचं काम ते करतातच. पण "आता घरी न्या, लक्ष ठेवा" हे शेवटचं वाक्य म्हणायला त्यांच्याकडे अर्धा मिनिटही नसतो. आणि खरी गोम तिथेच आहे. दवाखान्यातली जबाबदारी त्या वाक्याशी संपते आणि घरातल्या बाईची सुरू होते.

आता बघा, हे वाक्य ऐकतं कोण? कागद घ्यायला, सही करायला, पैसे भरायला पुढे असतात घरचे पुरुष. नवरा, दीर नाहीतर शेजारचा कुणी. बाई पेशंटला धरून बाकावर बसलेली. घरी आल्यावर त्या गड्याला विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" तर उत्तर ठरलेलं, "काही नाही, गोळ्या दिल्यात." झालं! औषध वेळेवर देणारी ती, रात्री उठून कपाळाला हात लावणारी ती, पथ्याचं रांधणारी ती. आणि सूचना तेवढ्या तिला सोडून सगळ्यांना!

बरं, शिकलेल्या बायकांचं तरी काय? मी बी. ए. झालेली. तरी सासऱ्यांच्या कागदावर 'ओडी', 'बीडी', 'टीडीएस', 'एचएस' वाचून माझाही गोंधळ उडाला होता. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना आणि एसओएस म्हणजे गरज पडली तरच, हे मला मेडिकलवाल्या मुलाने शिकवलं. त्यापेक्षा १-०-१ असं लिहिलेलं किती सोपं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

आणि चूक फक्त गोळ्यांचीच होते असं नाही. कुत्रं चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, तिखट किंवा चुना भरायचा नाही, हे आता बऱ्याच जणींना ठाऊक आहे. पण इंजेक्शनच्या तारखांचं काय? पहिलं इंजेक्शन ज्या दिवशी घेतलं तो दिवस 'शून्य' धरतात. तिथून तिसरा दिवस, सातवा दिवस आणि पद्धतीप्रमाणे पुढचे. कागदावर ०, ३, ७, २८ एवढंच लिहिलेलं असतं, दंडात खोल देतात तेव्हा मध्ये १४ही असतो. आमच्या बचत गटातल्या एकीने त्याचा अर्थ लावला, महिन्याची तीन तारीख, सात तारीख! रेबीज एकदा उलटला की त्यावर इलाज नाही म्हणतात ते अगदी खरं. तिथे कॅलेंडरवरच्या खऱ्या तारखा लिहून द्यायला काय हरकत आहे?

प्लास्टरचं तसंच. प्लास्टर घातल्यावर बोटं निळी-काळी पडली, बधिर झाली, दुखणं गोळीनेही थांबेना, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच परत न्यायचं. पण "प्लास्टर म्हटल्यावर दुखणारच" अशी समजूत घालून आपण रात्र काढतो. बाळाला जुलाब झाले की क्षारसंजीवनीची पुडी मिळते. मोठी पुडी एक लिटर पाण्यात कालवायची असते. ती पेलाभर पाण्यात कालवून पाजणाऱ्या आया मी पाहिल्यात. बरं वाटलं म्हणून झिंकच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी बंद करणाऱ्याही पाहिल्यात, खरं तर त्या चौदा दिवस द्यायच्या असतात.

डोक्याच्या माराबद्दल तर प्रत्येक घराला माहिती हवी. मार लागल्यावर माणूस काही तास चांगला बोलतो-चालतो आणि आत हळूहळू रक्त साकळत असतं. म्हणून पहिले चोवीस तास त्याला एकटं सोडायचं नाही. झोपला तर झोपू द्यावं, पण मधूनमधून उठवून नाव विचारावं, कुठे आहेस विचारावं. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, असंबद्ध बोलणं, हातापायातली ताकद जाणं, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणं, उठवूनही नीट जागं न होणं, यातलं एक जरी दिसलं तरी उशीर नको. दारू तर अजिबात नाही, कारण नशा कुठली आणि गुंगी कुठली ते कळतच नाही. मावशींना 'लक्ष ठेवा' याचा एवढा अर्थ कुणी सांगितला असता, तर ती रात्र त्यांनी पित्तावर ढकलली नसती.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. आजाराची आणि उपचारांची माहिती रुग्णाला त्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, असं त्यात म्हटलंय. डॉक्टरांच्या नियमावलीतही २०१६ पासून औषधांची नावं सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरात लिहावीत असं आहे. म्हणजे आपण मागतोय ती मेहेरबानी नव्हे. पण मागितल्याशिवाय आईसुद्धा जेवायला वाढत नाही, हेही खरंच.

म्हणून आमच्या गटात आम्ही एक शिस्त लावून घेतली आहे. दवाखान्यातून निघताना घरातली जी बाई रात्री जागणार, तिनेच डॉक्टर-सिस्टरसमोर उभं राहायचं आणि पाच गोष्टी विचारायच्या. नेमकं झालंय काय? कुठली गोळी किती वाजता, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, आणि बीपी-साखरेच्या आधीच्या गोळ्या चालू ठेवायच्या का? आंघोळ, जेवण, कामाचं काय? कुठली लक्षणं दिसली तर लगेच यायचं आणि रात्री यायचं ते कुठे? पुन्हा दाखवायला कधी, टाके कधी काढायचे? मग ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, "म्हणजे सिस्टर, मी असं असं करू ना?" चूक असेल तर तिथल्या तिथे कळते. अक्षरओळख नसेल तर सोबतच्या शाळकरी पोराकडून कागदाच्या पाठीवर मराठीत लिहून घ्यायचं. लाजायचं नाही. भाजीवाल्याला दोन रुपयांसाठी चार वेळा विचारणाऱ्या आपण, इथेच का गप्प बसतो?

आणि दवाखान्यांनाही हात जोडून एक विनंती. डोक्याला मार, प्लास्टर, टाके, कुत्रं चावणं, बाळाचे जुलाब, ताप अशी नेहमीची आठ-दहा कारणं. प्रत्येकाची एकेक मराठी चिठ्ठी, मोठ्या अक्षरात, जमलं तर चित्रांसकट, छापून ठेवा. एका कागदाचा खर्च तो काय! आम्ही तसं पत्र आमच्या इथल्या अधीक्षकांना दिलं. छापील चिठ्ठ्या अजून आल्या नाहीत. पण एका सिस्टरने डोक्याच्या माराची लक्षणं स्वतःच्या अक्षरात लिहून टाके घालायच्या खोलीबाहेर चिकटवली आहेत. परवा मावशींना मुद्दाम घेऊन गेले आणि ती वाचून दाखवली. त्या कागदावरून बोट फिरवत म्हणाल्या, "एवढंच होतं व्हय?"

हो मावशी, एवढंच होतं. पण त्या एवढ्याशावर एक जीव टांगलेला होता.