हलक्या फोममागचे पाणी

इमल्शनपासून सच्छिद्र फोम बनवणारे आपण सगळे घनतेच्या एका आकड्यावर कामाची किंमत ठरवतो. तो आकडा अर्धेच सांगतो. स्टायरीन आणि डायव्हिनाइलबेंझीनमध्ये स्पॅन ८० हे सरफॅक्टंट मिसळायचे, घुसळत थेंबाथेंबाने पाणी सोडत त्याचा वाटा ७४ टक्क्यांपुढे न्यायचा आणि साठ अंशांच्या आसपास पॉलिमर घट्ट होऊ द्यायचे; पाणी गेले की थेंबांच्या जागी पोकळ्या राहतात. युनिलिव्हरच्या बार्बी आणि हक यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी पेटंट घेतलेली ही पद्धत आजही पाया आहे. पाणी ९० टक्के ठेवले तर घनता घन सेंटिमीटरला ०.१ ग्रॅमच्या आसपास येते, ९५ टक्क्यांवर तिच्या निम्मी. आता तोच हिशेब पाण्याच्या बाजूने करा: किलोभर फोममागे आधी सुमारे दहा लिटर, मग वीस लिटरांहून जास्त. त्यात क्षार आणि पॉलिमरीकरण सुरू करणाऱ्या परसल्फेटचे अवशेष असतात. शिवाय तेलकट भागाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक असलेले स्पॅन धुऊन काढायला पाणी वा अल्कोहोल लागते, ते वेगळेच.

गोव्यात तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत असे युनिट उभारायचे झाले तर हा हिशेब टाळता येणार नाही. पेडणे आणि डिचोलीचा मोठा भाग तिळारी धरणाच्या कालव्यातून येणाऱ्या पाण्यावर विसंबून आहे. कालवा फुटला की चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पापासून घराघरांतल्या नळांपर्यंत टंचाई जाणवते. इथे पाऊस भरपूर पडतो, हे खरे. पण तो चार महिन्यांत संपतो आणि सांडपाणी मात्र बारा महिने निघते. हा फोम तेल शोषून किनारा स्वच्छ करील, असाही युक्तिवाद होतो. द्रवरूप तेलाबाबत तो रास्त आहे. हरमल, मोरजीला येणारे डांबराचे गोळे मात्र घट्ट असतात, सूक्ष्म छिद्रांत ते शिरत नाहीत.

स्पॅनऐवजी सूक्ष्म कणांनी स्थिरावलेले इमल्शन वापरले तर कण भिंतींतच राहतात, धुण्याचे काम बरेच कमी होते. अशा फोमच्या पोकळ्या बहुधा बंद राहतात, हा आक्षेप वजनदार आहे. गाळणीसाठी तो निर्णायक ठरेल, उष्णतारोधासाठी नाही. शिवाय थोडे सरफॅक्टंट नंतर घालून पोकळ्यांमधले झरोके उघडता येतात. पिळून काढलेले पाणी क्षारांसह पुढच्या घाण्यात वापरून पाहायलाही कोणाची आडकाठी नाही. आमची विनंती एवढीच: यापुढे अहवालात घनतेशेजारी किलोमागे किती लिटर सांडपाणी निघाले, तेही छापा.