जनुक हाती आले, मोजमापाचे काय?

गळवाच्या पुवात सापडणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू अंगावर ‘प्रोटीन ए’ नावाचे प्रथिन बाळगतो. आपली प्रतिपिंडे इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी. वरची टोके जंतूला पकडतात, खालचा दांडा पांढऱ्या पेशींना बोलावतो. हे प्रथिन नेमका दांडाच धरते, त्यामुळे प्रतिपिंड उलटे चिकटते आणि जिवाणू निसटतो. हीच लबाडी औषध कारखान्यांच्या कामी आली. बारीक मण्यांवर प्रोटीन ए बसवायचे, प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी वाढवलेले द्रावण त्यावरून सोडायचे. प्रतिपिंडे तेवढी अडकतात आणि आम्लाने सुटतात. कर्करोग, संधिवातावरची कितीतरी औषधे अशीच शुद्ध होतात.

या प्रथिनाचे जनुक स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८३ साली प्रयोगशाळेतल्या ई. कोलाय या जिवाणूत क्लोन केले. (क्लोनिंग म्हटले की डॉली मेंढी आठवते; इथे प्रत निघते ती एका जनुकाची.) टाळ्या बहुधा इथेच वाजतात. माझ्या मते खरे मोल त्यानंतरच्या कंटाळवाण्या मोजमापाचे आहे: हे प्रथिन कोणते प्रतिपिंड धरते, किती घट्ट, किती आम्लात सोडते. माणसाच्या आयजीजी प्रतिपिंडांचे चार उपप्रकार. त्यातल्या तिसऱ्याला प्रोटीन ए जवळजवळ धरतच नाही. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचे ‘प्रोटीन जी’ धरते, पण सोबत रक्तद्रवात सर्वाधिक असलेले प्रथिन अल्ब्युमिनही ओढून आणते. अल्ब्युमिन धरणारा तुकडा वेगळा आहे हे तपासून कळले, म्हणूनच तो जनुकातून वगळता आला. प्रोटीन एच्या एका तुकड्यात एका जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी ॲलानिन बसवून तो अधिक टिकाऊ केला गेला, आणि पुढच्या फेरफारांतून कॉस्टिक सोड्याची धुलाई सोसणारे मणी आले.

तयार मणी विकत मिळतात, मग जनुक क्लोन करून मोजण्याचा हा खटाटोप कशाला? निव्वळ शोधनिबंधासाठी प्रोटीन ए पुन्हा क्लोन करण्यात हशील नाही, हे मान्य. पण आता दांडा नसलेले प्रतिपिंडाचे तुकडेही औषध म्हणून येतात. तिथे प्रोटीन ए सहसा भरवशाचे नाही. प्रतिपिंडाची हलकी साखळी कॅपा असेल तर ती धरणारे ‘प्रोटीन एल’ चालते, पण लॅम्डा असेल तर तेही हात टेकते. संगणक आता प्रथिनाचा आकार वर्तवतो, हा दुसरा आक्षेप. आकार कळला तरी शंभर धुलायांनंतर मणी किती प्रतिपिंड धरेल, हे शंभर वेळा धुऊनच पाहावे लागते. जनुक मिळताच निधी आटला, तर ती धुलाई करणार कोण?