सहाय्यकाला घाबरणारा प्रशिक्षक

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी मँचेस्टर युनायटेडने एरिक टेन हागला निरोप दिला आणि त्याच दिवशी संघाची सूत्रे हंगामी म्हणून रूड व्हान निस्टलरॉयकडे सोपवली. टेन हागचा सहाय्यक म्हणून तो रुजू झाला, त्याला चार महिनेही झाले नव्हते. त्याआधी तो पीएसव्ही आइंडहोव्हनचा मुख्य प्रशिक्षक होता, तिथे त्याने डच चषक जिंकला होता, आणि खेळाडू म्हणून तर युनायटेडचे प्रेक्षक त्याला डोक्यावर घेत. बातमी आली आणि फुटबॉलच्या कट्ट्यांवरचे जुने शहाणपण लगेच बाहेर पडले. आम्ही सांगत नव्हतो? ज्याने स्वतः संघ चालवला आहे त्याला शेजारी बसवणे म्हणजे स्वतःच्या खुर्चीखाली स्वतःच सुरुंग पेरणे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

हे मत मूर्खांचे नाही, म्हणून ते आधी पुऱ्या ताकदीने मांडले पाहिजे. त्याचा सर्वांत भक्कम पुरावा बायर्न म्युनिकमध्ये सापडतो. २०१९च्या उन्हाळ्यात हान्सी फ्लिक तिथे निको कोवाचचा सहाय्यक झाला. २०१४चा विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मनीत योआखिम लोवचा उजवा हात म्हणून त्याचे नाव झालेले होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला फ्रँकफर्टमध्ये बायर्नने ५-१ असा मार खाल्ला, कोवाच गेला आणि फ्लिक त्याच्या जागी बसला. पुढच्या ऑगस्टपर्यंत लीग, जर्मन चषक आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही विजेतेपदे म्युनिकला आली. त्यातच बार्सिलोनाचा ८-२ असा धुव्वाही उडाला. चेल्सीतही हेच झाले होते. आंद्रे व्हिलास-बोआसचा सहाय्यक रॉबर्टो दि मातेओ हा वेस्ट ब्रॉमविचचा माजी मुख्य प्रशिक्षक. मार्च २०१२मध्ये व्हिलास-बोआसला काढले आणि मे महिन्यात दि मातेओने चेल्सीला क्लबच्या इतिहासातली पहिली चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. क्लबच्या अध्यक्षाला डगआउटमध्ये तयार वारस दिसत असेल, तर संघाची पडझड सुरू होताच त्याचा हात फोनकडे लवकर जातो, असा या मंडळींचा युक्तिवाद आहे. तो खोटा नाही.

पण ही उदाहरणे क्लबच्या बाजूने वाचून पाहा. बायर्नचे नुकसान काय झाले? चेल्सीचे काय झाले? ज्याला धोका म्हणतात तो एका माणसाच्या नोकरीला होता. क्लबला त्यातून फक्त फायदा झाला. आक्षेप घेणारे या दोन गोष्टींची बेमालूम गल्लत करतात. प्रशिक्षकाची खुर्ची टिकवणे हे क्लबचे काम नाही. बरे, फ्लिक तिथे नसता तर कोवाच टिकला असता, याला तरी आधार काय? पाच गोल फ्रँकफर्टने केले होते. टेन हागचेही तसेच. सप्टेंबर २०२४मध्ये स्वतःच्या मैदानावर आधी लिव्हरपूलकडून ३-० आणि मग टॉटनहॅमकडून ३-०, हे निकाल व्हान निस्टलरॉयच्या खात्यावर कसे टाकणार? त्याने मिळालेले चार सामने न हरता काढले, त्यांतले तीन जिंकले, आणि नव्या प्रशिक्षकाला तो नको होता म्हणून निमूट निघून गेला. युनायटेडने तो हंगाम पंधराव्या स्थानावर संपवला. सुरुंग काढून टाकला तरी इमारत कोसळलीच.

वारसाची ही भीती किती पोकळ आहे हे पाहायचे असेल तर ब्रायन किडची कारकीर्द बघावी. युनायटेडचा प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन याचा सहाय्यक असलेला किड डिसेंबर १९९८मध्ये क्लब सोडून ब्लॅकबर्नचा मुख्य प्रशिक्षक झाला. सहा महिन्यांत ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली घसरले, आणि ज्या गोलशून्य बरोबरीने ते घसरणे पक्के झाले ती नेमकी युनायटेडविरुद्धची होती. नशीब कधी कधी असे खवचटपणे वागते. नोव्हेंबर १९९९मध्ये किडची तिथली नोकरी गेली. मुख्य पदावर अपयशी ठरलेला हा माणूस पुढे मँचेस्टर सिटीत रॉबेर्तो मान्चिनीचा सहाय्यक झाला. २०१२ची लीग मान्चिनीबरोबर, २०१४ची पेलेग्रिनीबरोबर आणि २०१८, २०१९, २०२१च्या लीग ग्वार्डिओलाबरोबर त्याने जिंकल्या. मे २०१३मध्ये मान्चिनीला काढल्यावर उरलेले दोन सामने किडनेच सांभाळले आणि पेलेग्रिनी येताच तो पुन्हा आपल्या जागेवर बसला. मुख्य प्रशिक्षक तीन बदलले, किड होता तिथेच राहिला. त्याच्यावर कटाचा आरोप कोणी केल्याचे मला तरी आठवत नाही.

इथे दुसरा आक्षेप पुढे येतो. मुख्य पदावर जो नापास झाला त्याच्याकडून शिकायचे काय? हा प्रश्न ऐकायला बरा वाटतो, पण त्यामागे सहाय्यकाचे काम म्हणजे लहान आकारातले मुख्य प्रशिक्षकाचेच काम, असा समज दडलेला असतो. दोन्ही कामे मुळातच वेगळी आहेत. मुख्य प्रशिक्षकाला पत्रकार, मालक, दलाल, बदल्या, चिडलेला तारा खेळाडू, हे सगळे अंगावर घ्यावे लागते. सहाय्यकाला रोज सकाळी वीस-बावीस माणसांना मैदानावर उतरवून त्यांच्याकडून तेच तेच करून घ्यावे लागते, कंटाळा येऊ न देता. पहिल्या कामात हरलेला माणूस दुसऱ्यात अव्वल असू शकतो. पहिल्यात हरल्यामुळे तो उलट अधिक उपयोगी ठरतो, कारण साहेबाच्या डोक्यावरचे ओझे नेमके कुठे टोचते हे त्याला माहीत असते.

फर्ग्युसनला हे ॲबर्डीनमध्येच कळले. त्याचा सहाय्यक आर्ची नॉक्स याने एकदा सरळ तक्रार केली: मला इथे आणलेत कशाला, सगळा सराव तर तुम्हीच घेता! फर्ग्युसनला ते रुचले नाही, पण त्याने ऐकले. सराव नॉक्सकडे दिला आणि स्वतः कडेला उभा राहून बघू लागला. कोणाचे पाय जड झाले आहेत, कोणाचे घरी बिनसले आहे, कोण कोणाशी बोलत नाही, हे शिट्टी तोंडात असताना दिसत नाही. आपल्या यशाचे एक मूळ या बघण्यात आहे असे तो निवृत्तीनंतरही सांगत राहिला. हाताखाली नवशिका पोरगा असता तर सराव त्याच्यावर सोपवून असे बाजूला उभे राहता आले असते का?

आणि मग कार्लोस केरोश. २००२ साली तो युनायटेडमध्ये आला तेव्हा पोर्तुगालच्या युवा संघाला १९८९ आणि १९९१ असे दोनदा जगज्जेते करून, पोर्तुगाल आणि दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्रीय संघ सांभाळून आला होता. पहिल्याच हंगामात लीग मिळाली. वर्षभरात रिआल माद्रिदने त्याला मुख्य प्रशिक्षक म्हणून उचलले, चौथे स्थान आल्यावर काढूनही टाकले, आणि तो पुन्हा फर्ग्युसनकडे आला. संशयी स्वभावाच्या साहेबाने त्याला दारातूनच परत पाठवले असते. फर्ग्युसनने परत घेतले. एप्रिल २००८मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत समोर बार्सिलोना होती. केरोशने सरावाच्या मैदानावर व्यायामाच्या चटया अंथरल्या आणि कोणी नेमके कुठे उभे राहायचे हे त्या चटयांनी आखून दिले. खेळाडूंनी चेंडू हातात धरून, चालत चालत, ती रचना पुन्हा पुन्हा घोटल्याचे गॅरी नेव्हिलने आत्मचरित्रात लिहिले आहे. बार्सिलोनात ०-०, मँचेस्टरमध्ये स्कोल्सच्या गोलवर १-०. पुढे मॉस्कोत चषक. त्या उन्हाळ्यात केरोश पोर्तुगालचा प्रशिक्षक म्हणून गेला. पुढच्या वर्षी रोममधल्या अंतिम सामन्यात तीच बार्सिलोना समोर आली आणि युनायटेड २-० असे हरले. या पराभवाला केरोशचे जाणे हेच एकमेव कारण होते असे मी म्हणणार नाही. पण मेस्सीसमोर काय करायचे हे एक वर्ष आधी या संघाला ठाऊक होते, एवढे खरे.

अनुभवी सहाय्यकाची खरी किंमतही इथेच दिसते, आणि ती मान्य करायला हवी. असा माणूस जातो तेव्हा मोठे भगदाड पडते. २००१ साली फर्ग्युसनचा तेव्हाचा सहाय्यक स्टीव्ह मॅक्लारेन मिडल्सब्रोला गेला. फर्ग्युसनचा तेव्हा स्वतः वर्षभरात निवृत्त होण्याचा बेत असल्याने त्याने बाहेरून तोलामोलाचा माणूस आणला नाही, आणि २००१-०२मध्ये युनायटेड तिसरे आले, चषक एकही नाही. याप स्टामची विक्रीही त्याच काळातली, तेव्हा सगळा दोष एकाच गोष्टीला देता येत नाही. दुसरी किंमत ड्रेसिंग रूममध्ये मोजावी लागते. वजनदार सहाय्यकाचे वजनदार खेळाडूशी पटेलच असे नाही. रॉय कीन आणि केरोश यांचे खटके प्रसिद्ध आहेत, आणि २००५मध्ये कीनला क्लब सोडावा लागला त्याला ती पार्श्वभूमी होती. पण या दोन्ही जोखमी व्यवहारातल्या आहेत आणि व्यवहाराने सांभाळता येतात. त्यांना कटकारस्थानाचा रंग देण्याचे कारण नाही.

उलट्या बाजूची जोखीम मात्र कोणी मोजतच नाही. २०१३मध्ये डेव्हिड मॉइज युनायटेडला आला. संघ ११ गुणांच्या आघाडीने विजेता होता. मॉइजने फर्ग्युसनचे सहाय्यक माइक फेलन आणि रेने म्यूलेनस्टीन यांना जाऊ दिले आणि एव्हर्टनमधली आपली माणसे आणली. संघ म्हातारा झाला होता हे कबूल, पण त्या म्हाताऱ्या संघाची दुखणी ठाऊक असलेले दोन वैद्य दाराबाहेर होते. एप्रिल २०१४मध्ये मॉइजही बाहेर पडला आणि क्लब सातवा आला. चेल्सीचा प्रकार तर याहून विचित्र. २००९-१०मध्ये लीग आणि एफए चषक दोन्ही जिंकणाऱ्या कार्लो अँचेलोटीचा सहाय्यक रे विल्किन्स याला क्लबने ११ नोव्हेंबर २०१०ला काढले. संघ तेव्हा अव्वल स्थानी होता. तीनच दिवसांनी घरच्या मैदानावर सुंदरलँडने ३-० असे हरवले. जागी आलेल्या मायकेल एमेनालोकडे या पातळीवरचा अनुभव नव्हता. हंगाम दुसऱ्या स्थानावर संपला आणि अँचेलोटीची गच्छंती झाली. एक खुर्ची अनुभवी सहाय्यक नसल्यामुळेही गेली, ही नोंद कट्ट्यावरचे शहाणे कधी करत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे असे: सहाय्यकाला किती अनुभव आहे यापेक्षा त्याला निवडले कोणी, हा प्रश्न मोठा आहे. केरोशला फर्ग्युसनने निवडले होते. विल्किन्सच्या जागी कोण बसणार हे मात्र अँचेलोटीच्या वरच्यांनी ठरवले. वरून लादलेला सहाय्यक नवशिका असो वा मुरलेला, तो वरच्यांचाच माणूस ठरतो.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी टोकदार आहे. इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक बहुधा परदेशी आणि सहाय्यक भारतीय, ही घडी वर्षानुवर्षे बसली आहे. त्यामुळे अनुभवी माणूस सहाय्यकाच्या खुर्चीत बसतो तो अनेकदा दुसरी खुर्ची नसल्यामुळे. खालिद जमील यांनी सात वर्षे मुंबई एफसी सांभाळली, २०१७मध्ये आयझॉलला आय-लीग जिंकून दिली, आणि नंतर नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये ते सहाय्यक होते! जानेवारी २०२१मध्ये जेरार्ड नूस गेल्यावर त्यांनी उरलेल्या साखळीत एकही सामना न गमावता संघाला बाद फेरीत नेले. २०२५मध्ये ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. एफसी गोवाने ३१ जानेवारी २०२०ला सर्जिओ लोबेरा यांना काढले तेव्हा संघ गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाती आला. सोबतीला तांत्रिक संचालक डेरिक परेरा होते. मुंबईच्या महिंद्र युनायटेडला २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकून देणारे तेच. उरलेले तिन्ही साखळी सामने जिंकून गोवा अव्वल आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळण्याचा मान मिळवणारा पहिला भारतीय क्लब ठरला. इथे कोणी कोणाला दगा दिला? दोन्ही ठिकाणी मधल्या हंगामात क्लबचे तारू वाचले, ते शेजारच्या खुर्चीत कामाचा माणूस होता म्हणून.

आपल्या क्लबमालकांना म्हणूनच एक विनंती. परदेशातून मुख्य प्रशिक्षक आणताना त्याचा भारतीय सहाय्यक करार झाल्यावर उरलेल्या यादीतून भरू नका. मुलाखतीतच उमेदवारासमोर दोन-तीन अनुभवी नावे ठेवा, त्याला निवडू द्या, आणि मध्येच वेळ आली तर संघ कोण सांभाळेल हेही त्याच्यासमोर कागदावर घ्या. ती नावे पाहून ज्याचा चेहरा पडेल, त्याला नेमू नका.